शर्यतीतली एसटी

आता गेमचा विषय निघालाच हाय, तर आमच्या अण्णांचं ऐका. उभी हयात भोरला एसटी चालवली, अन् रिटायर झाल्यावर घरात नुसते चिडचिड करायचे. म्हणून म्या माळ्यावरचा माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम काढला, टीव्हीला जोडला, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि गाड्यांची शर्यत लावून दिली.

अण्णा सुसाट सुटले. पहिला नंबर! अन् वळणावर करकचून ब्रेक.

"अवो अण्णा, थांबलाय कशाला?"

"ती कडंची माणसं हात करत्यात, दिसंना व्हय तुला?"

"ती शर्यत बघायला आलीत!"

"कापूरहोळ फाट्यावर बी अशीच उभी असत्यात. हात केल्यावर म्या कुणाला सोडून गेलो न्हाई."

तवर समद्या गाड्या पुढं गेल्या. म्या म्हटलं, "बरं, बसली समदी. आता तरी हाणा!"

अण्णा ढिम्म. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "डबल बेल कुठं दिलीस?"

काय करता? मागं सरकून बसलो आणि तोंडानंच केलं, "टिंग टिंग!" तवा कुठं गाडी हलली.

आजवर गेममध्ये म्या रणगाडे फोडले, बदकं पाडली, राजकन्या सोडवल्या. कंडक्टर मात्र त्या दिवशी पयल्यांदाच झालो.