सात नंबरला मोकळं सोडलं

— हलू नकोस म्हटलं ना! हसू तर मुळीच नकोस, लेप तडकतो, मग गालाला भेगा पडतात आणि नाव माझं खराब होतं. डोळ्यांनी बोल. हां, अशी. घड्याळाकडे काय बघतेस? ते बंद आहे — मघाशी चालू होतं म्हणतेस? मग आत्ता पडलं असेल बंद, वस्तू आहे. बायकांच्या फायनलला वेळ आहे अजून, तो बघ टीव्ही, मैदानावर पाणी मारतायत. आवाज नाही वाढवायचा. आवाजाने लेप तडकत नाही, माझं डोकं तडकतं.

चॅनेलच्या साहेबांनीच सांगितलंय, आज पोरीच्या चेहऱ्यावर चकाकी पाहिजे, मातीचा जाड थर दे आणि घाई करू नकोस. हो, तेच साहेब. पुरुषांच्या फायनलला तो टकला निवेदक घामाने निथळत बसला होता, नाकातले केस मिशीला येऊन मिळालेले, मी पावडर घेऊन धावले तर म्हणाले, राहू दे, अनुभव दिसतो. बाईच्या तोंडावर अनुभव दिसायला लागला की मला हाक मारतात, लपव म्हणतात — कॉलर? कसली कॉलर? एप्रनच्या आत घातलंय काहीतरी, या एसीने खांदे धरतात माझे. तू पुढे बघ.

नाहीतरी गेल्या आठवड्यात घोळ तूच घातलास. चूक नव्हती गं तुझी, पण घोळ तो घोळ. सेमीफायनल ऐन रंगात, आणि तू माइकवर काय म्हणालीस — सात नंबरला फार मोकळं सोडलंय, अशी मोकळी सोडली तर ती घात करणार. आता मला फुटबॉलमधलं काय कळतंय, चौथी शिकलेली बाई मी, तुला म्हणायचं होतं तिच्यावर कोणाचा पहारा नाही, मला वाटलं तू पोरीच्या वळणाबद्दल बोलतेस. साहेबांना वाटलं केसांबद्दल. लगेच पडद्यावर खाली पट्टी फिरली, 'सात नंबरचे मोकळे केस संघाला भोवणार का?' — तर तिकडून सात नंबरच्या सासूचा फोन, आमची सून आम्ही मोकळी सोडलीय, तुमच्या बापाचं काय जातं? बाई खमकी निघाली. मग काय, साहेबांनी तिलाच ऑन एअर घेतलं. सासू मोठ्या चौकटीत, मॅच कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. सात नंबरने गोल मारला तेव्हा सासू सांगत होती, सून पहाटे उठते. तू ओरडलीस 'गोल!', तर ती म्हणाली, मधेमधे बोलू नको गं. हसू नकोस! हसू नकोस म्हटलं! आणि नंतर त्या गोलकीपरला विचारलं, बाळाला कोणाकडे ठेवून आलात, तर ती काय म्हणाली — राखीव गोलकीपरकडे. पुरुषांच्या कॅप्टनला चार पोरं आहेत, त्याला कधी कोणी विचारलं का? त्याला विचारतात, गुडघा कसा आहे.

तर त्या दिवशी बघणारे वाढले म्हणे, आणि साहेबांच्या डोक्यात किडा शिरला. बायकांच्या मॅचला केसांचा तज्ज्ञ पाहिजे. आता केसांचा तज्ज्ञ आणायचा कुठून, तर म्हणाले आपल्याच घरात आहे की. मी म्हटलं, साहेब, मला ते ऑफसाइड का काय ते कळत नाही, तर म्हणाले, भांग पाडता येतो ना, मग झालं, कोण कुठल्या बाजूला एवढंच तर —

म्हणजे मी असंच म्हटलं. मला कोण विचारतंय.

अशी बघू नकोस. डोळ्यांनी बोल म्हटलं होतं, डोळ्यांनी शिव्या दे नाही म्हटलं.

बरं बाई, आहे. मीच आहे. तुझ्या खुर्चीत आज मी बसणार, आणि मॅच सुरू होईपर्यंत तुला या लेपाखाली दाबून ठेवायची, असं ठरलंय. आणि ही कॉलर तुझ्याच कोटाची, काखेत उसवलाय, आत्ताच सांगते, नंतर कटकट नको. मला काय हौस होती? — होती. खोटं कशाला बोलू. माझी जाऊ सगळ्या भावकीत सांगत फिरते, हिचं काम काय तर लोकांच्या तोंडाला पानं पुसायची. आज तिने शेजारणी बोलावल्यात मला बघायला, चटया मागून आणल्यात. पाठ केलंय मी सगळं. गोलकीपरची वेणी घट्ट, म्हणजे मन घट्ट. गोल झाला की म्हणायचं 'अगंबाई!' एवढंच. उठू नकोस, बस! माहीत आहे मला, बायकांच्या मॅचला मैदानावर कुत्री चेंडू पळवायची तेव्हा एका हातात छत्री नि एका हातात माइक धरून तूच उभी असायचीस, दुसरं माणूस फिरकत नव्हतं. माहीत आहे. म्हणूनच तर काल रात्रीपासून मला घास जात नाही. पण चटया —

थांब. निघाल्या वाटतं बाहेर. ती बघ, पुढे सात नंबर — अरे देवा! हिचे केस? केस कुठे गेले हिचे? तुळतुळीत! चमनगोटा! आणि तिच्या मागची पण — गोलकीपर पण! अगं, अकराच्या अकरा! राखीवसुद्धा! आता मी बोलू कशावर? वेणी घट्ट म्हणू का वेणी नाही म्हणू? तुझे खांदे का हलतायत? — तुला माहीत होतं! तुला सांगून केलं त्यांनी हे, आणि तू मुकाट बसून माझ्याकडून माती थापून घेतलीस! झालं, तडकला बघ लेप, कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकला. हस आता, पोटभर हस.

कोण ते दार वाजवतंय? तो हेडफोनवाला. तज्ज्ञ मॅडम, चला म्हणतोय — आले रे, आले! घे, बाही ओढ, तुझा कोट तू घाल, माझ्या पाठीत बसतच नव्हता मेला. तोंड नको धुऊस, वेळ कुठाय? दोन वर्षं तुझं तोंडच बघत बसलेत, आता असं बघू दे. विचारलं तर सांग, चकाकी आहे. जाऊचं मी बघते, म्हणेन, बोलतेय ती, पण तोंड माझ्या हातचं आहे. आणि साहेब विचारतील, तिला दाबून ठेवायची होती ना, तर सांगेन, मोकळं सोडलं. केसांबद्दलच वाटेल त्यांना.

काय बघतेस अजून? जा ना! आणि दार लाव, गारवा जातो.