हिरवा दिवा आणि वाचता येणारा फोन

...नाही, मला सांगा, फोन ही काय वाचायची गोष्ट आहे? वाजायची आहे, उचलायची आहे, फार तर आपटायची आहे. पण तुम्हाला सांगतो, इंटरनेटवरून फोन लावला ना, की आवाज जाण्याआधी दोन यंत्रं एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात. खरोखरच्या, अक्षरांतल्या. 'अमक्याकडून तमक्याला, बोलायचंय, आवाज या पत्त्यावर पाठवा.' पलीकडचं लिहितं, 'थांबा, घंटी वाजवतोय.' आता यंत्रांना अक्षरं हवीत कशाला? आकडे द्या, गपगुमान काम करतील. पण नाही, अक्षरंच. का? तर माणसाला वाचता यावं म्हणून.

आणि ही अक्कल कोणी पाजळली? मी. भर मीटिंगमध्ये, उभा राहून. इंटरनेटवरून फोन लावणारे डबे असतात ना, त्यांचे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. साहेब म्हणाले, "आपण आपलं आकड्यांचं काहीतरी आटोपशीर करू." मी म्हणालो, "साहेब, उद्या बिघडलं तर? माणसाला वाचता आलं पाहिजे." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचणार कोण?" "मी वाचीन की." टाळ्या वाजल्या नाहीत, पण मला वाजल्यासारख्या वाटल्या.

मग कळलं वाचणं म्हणजे काय ते. एकच शब्द एखादं यंत्र पुरता लिहितं, कोणी नुसतं एक अक्षर ठोकून मोकळं होतं, आणि ते अक्षर त्या शब्दात असेलच असंही नाही. कोणी ओळ मधेच तोडून खाली चार जागा सोडून पुढे लिहितं. नियमाचं पुस्तक उघडावं तर... सगळंच चालतं! असा नियम मी घरात केला असता तर बायकोने मला दाराबाहेर उभं केलं असतं.

बरं, ऑफिसात बिघडलं असतं तर पगार त्याचाच आहे. पण मी काय केलं? बाबांचा तीस वर्षं चाललेला फोन काढला आणि आमचा डबा बसवला. बाबा एकटे राहतात, तिकडे, आठ तासांवर. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेलं. त्यांना मी शिकवलं, "बाबा, हिरवा दिवा लागला की समजायचं, मी ऐकतोय." मोबाइल दिलाय, पण तो कपाटात असतो, बंद करून. का? तर बॅटरी वाचावी म्हणून.

पहिल्याच रविवारी संध्याकाळी सातला फोन. त्यांचा आवाज स्वच्छ. माझा आवाज... तिकडे जातच नव्हता. मी "हॅलो, बाबा, हॅलो" करून घसा फोडतोय आणि ते शांतपणे बोलतायत. "तुझा आवाज नाही येत रे. पण दिवा हिरवा आहे, म्हणजे ऐकतोयस. डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय. डॉक्टरांना शनिवारपर्यंत कळवायचंय. तू येणार असशील तर करतो. नाहीतर राहू दे, एका डोळ्याने चाललंय."

"येतो!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजाऱ्यांनी दार उघडलं. बाबांना काही नाही.

बायको म्हणाली, "अहो, गाडीत बसा आणि जाऊन सांगा ना." मी म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे." तिने फक्त हात जोडले.

पाच दिवस मी चिठ्ठ्या वाचल्या. छापून, रंगीत पेनाने रेघा मारून. आणि रोज सातला बाबांचा फोन. पहिल्या दिवशी ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी गच्चीची गळती, तिसऱ्या दिवशी आई. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. ते बोलत होते, मी मांडीवर कागद घेऊन बसलो होतो, आणि कागद कधी खाली पडले ते कळलं नाही.

शुक्रवारी सापडलं. चौथी ओळ. पन्नासदा वाचलेली! बाबांच्या डब्याने पत्ता लिहिला होता तो घरातल्या घरातला. म्हणजे पाकिटावर 'स्वयंपाकघराशेजारची खोली' लिहून पेटीत टाकावं तसं. आणि इलाज काय, माहितेय? चिठ्ठीत लिहिलंय ते वाचायचंच नाही. आवाज जिकडून येतोय, तिकडेच आपला परत पाठवायचा. तुम्हाला सांगतो, हसावं की रडावं कळेना.

सातला फोन आला. मी म्हणालो, "बाबा, येतोय मी." पलीकडून बाबा म्हणाले, "बरं झालं." आणि मी सुरू झालो. चिठ्ठी, पत्ता, चौथी ओळ, साहेब, मीटिंग... वीस मिनिटं. बाबा म्हणाले, "झालं? ठेवू?"

ऑपरेशन छान झालं. पट्टी बांधलेली असताना त्यांनी माझा हात चाचपला. "एक विचारू? तो फोन परत तसा बिघडवता येईल का रे? तू ऐकायचास."

आता रोज सातला फोन आला की मी "हॅलो बाबा" म्हणतो, आणि माझ्या बाजूचा आवाज बंद करतो. पाच दिवस डोकं फोडून दुरुस्त केलेली गोष्ट रोज स्वतःच्या हाताने बिघडवतो. एकच बटण आहे हो त्याला. त्यावर काही लिहिलेलंही नाही.