सोबतीला आलेली

बाईडॉक्टरच्या नव्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या.

"जाऊबाई, तुमची छातीतली गाठही दाखवून घ्या ना."

"हळू बोल, चव्हाट्यावर मांडू नकोस. मी तुझ्या सोबतीला आलेय."

"डॉक्टर लांब होती तेव्हा म्हणायचात, दोन बस कोण बदलणार?"

"मग? लांबच होती."

"आता गल्लीच्या तोंडाशी आलीय."

"म्हणूनच घाई कसली? येईन की कधीही, भाजीला जाता जाता."

"पुढे कोण?" नर्सने विचारलं.

"ही. सकाळपासून हिचं पोट दुखतंय."

"मी ठणठणीत आहे, सिस्टर. नंबर यांच्या नावाने लावलाय."

"अगं खोटारडे!"

"आहेच मी खोटारडी. पिशवी द्या इकडे आणि उठा. मी तुमच्या सोबतीला आलेय."