बोडीतला प्लॉट

हसू नका, पन नागभीडजवळच्या एका गावातला प्लॉट मी न पाहताच घेतला. मोबाइलवर गुंतवनूक शिकवणारे गुरुजी म्हनत, "घ्या आन् विसरून जा, भाव आपोआप वाढते." माझे सासरे त्याच गावात धान पिकवतात. पन दुसरी शिकलेल्या माणसाले काय इचारायचं, म्हनून त्याइले सांगितलंच नाई.

पावसाळ्यात नकाशा घेऊन गेलो, तर प्लॉटच्या जागी बोडी, पान्यानं तुडुंब भरलेलं तळं! काठावर सासरेच बैल धूत होते.

"जवाईबापू, इकडं कसे?"

मी नकाशा दाखवला.

"फोटो उन्हाळ्यातला दाखवला असन. तवा आटलेली बोडी वावरासारखीच दिसते जी."

माझी मान वर होईना. त्याइनं धोतराले हात पुसले आन् हळूच म्हनाले, "घरी भांडन नोको. पोरीले सांगा, बाबाले इचारूनच घेतला."