ह्यांचा आवाज कॉम्प्युटरात होता

माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षाच्या बागांतलं, आन् लगीन होऊन आले ती इंदिरानगरच्या पलीकडं, ह्यांच्या मळ्यात, तवा इथं बिल्डिंगी नव्हत्या, नुसता झेंडू आन् शेवंती. मी फुलं तोडायची, ह्यांनी बाजारात न्यायची. ह्यांचा आवाज काय सांगू तुम्हाला, बांधावरून हाक मारली तर पार रस्त्यावरचा मानूस मागं वळायचा. पन मला नावानं कधी नाय. अगं, नाय तर सागरची आई. घरात मोठी मानसं, त्यांच्यापुढं बायकोचं नाव कसं घ्यायचं, ती सवय पडली ती पडलीच.

मंग ह्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हनला जीव वाचंल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी सागरनं, आमच्या पोरानं, ह्यांना मोबाईलपुढं बसवलं, म्हनला बोला काहीतरी आप्पा. हे काय बोलनार, झेंडूचं बोलले, आमच्या जुन्या बैलाचं बोलले, आन् शेवटाला माझ्याकडं बघून म्हनले, मंदा, घाबरू नको. नावानं! मी लाजले, पदर तोंडाला लावला. मोबाईल भरला म्हनून सागरनं ते तिथनं काढून घरच्या कॉम्प्युटरात टाकलं, आन् मला काय ऐकायचं धाडस व्हईना, म्हनलं ऐकू सावकाश, कुठं पळून चाललंय.

दसऱ्याला आमच्यात अवजारांची पूजा. विळे, फवारनीचा पंप, वजनकाटा, आन् सागरचं काम त्याच्यावर म्हनून कॉम्प्युटर बी. दरवर्षी आरती हे म्हनायचे. औंदा तोंडातून काय निघंना, तर ह्यांनी पूजाच लय मनापासून केली. कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू, अक्षता, ओल्या झेंडूचा हार, आन् वरून पानी शिंपडलं, एकदा नाय, परत परत. डब्याला वर जाळी, आन् तो चालू. जळका वास आला आन् बंद पडला.

रिपेरीवाल्याकडं मी बी गेले सागरसंगं. बटन दाबलं तर पंखा बी फिरंना. डबा उघडला, आत कुंकू, पंख्यात तांदूळ. हसला नाय तो, भला मानूस. पावर सप्लाय गेला म्हनला, दुसरा लावला, पंखा फिरला, पन पडदा काळाच. मंग रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली, आन् पडदा उजळला. मी हात जोडले हो. पन चार इंग्रजी अक्षरं आली आन् तिथंच थांबलं. सागरचं तोंड उतरलं. म्हनला आई, हार्डडिस्कच दिसत नाय, सगळं तिच्यातच हाय. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, आतून नुसती टकटक. मोठ्या दुकानात पाठवली, तशीच परत आली.

रिपेरीवाला म्हनला, डिस्क जुनीच होती, पान्यानंच गेली असं नाय. मी ह्यांना तेच सांगते, ते मान हालवतात, ऐकत नाय. हाराला हात लावनं सोडलंय त्यांनी.

मानूस वाचला, ते काय कमी हाय का. समोर बसून भाकर कुस्करून खातात, रडायला बी लाज वाटती मला, कुनासाठी रडू? पन आता ते ओठ हालवून मंदा म्हनतात, चारचौघांत बी म्हनतात, मला बरोबर कळतं, आन् मी बघत ऱ्हाते, आन् त्या दिवशी ते कसं ऐकू आलं होतं ते काय केल्या आठवंना. असू द्या. तुमच्या घरची मानसं बोलती राहू दे, बाबा.