राजहंस आणि एकच दोर

मंडळी, ज्यांना स्वतःची यॉट नको आहे, त्यांनी हात वर करा!

हसू नका! खरंच विचारतेय. यॉट – म्हणजे ती मोठ्ठी पांढरीशुभ्र बोट हो! दोन मजली, आत पलंग, आत एसी, वर खुर्च्या टाकून कोकम सरबत प्यायचं! फुकट मिळाली तर? कुणाकुणाला नको?

तिथे खांबापाशी एक हात दिसतोय. आजोबा, नको आहे, की पाठ खाजवताय?

पाठ खाजवतायत! म्हणजे एकही हात नाही. रामनवमीचा उत्सव, समोर रामराया, सगळ्यांच्या तोंडी 'काही नको रे देवा, फक्त तुझं नाव' – आणि यॉट म्हटलं की सगळे गप्प!

हा प्रश्न माझा नाही बरं का. माझ्या वर्गातल्या केतकी आणि शर्मिष्ठा – त्या बघा, डावीकडे, खास कीर्तनाला आल्यात, ओढण्या तोंडात कोंबून हसताहेत – त्यांनी पैज लावली. "अन्विता, कीर्तनात यॉटचं विचारून दाखव, मग तुला मानलं!" विचारलं! माना आता! पण गंमत अशी झाली, की रात्रभर तो प्रश्न मलाच झोपू देईना. माणसाचं आपलं म्हणून किती असावं? विकत घेता येईल तेवढं? की आणखी कसलं माप असतं?

बाबा, सूर द्या पुन्हा. पेटीवर आमचे बाबा, टाळांवर आमची आई. आज स्टँडवरून ही पेटी इथवर कशी आली ठाऊक आहे? तुमच्या गावच्या बागवेकाकूंनी डोक्यावर घेतली आणि अशा झपझप चालल्या, की मागे आम्ही तिघं धापा टाकत! लक्षात ठेवा हं ही पेटी, शेवटी लागणार आहे. आणि मघाशी मी 'पलंग, एसी' म्हटलं तेव्हा बाबांचा सूर का चुकला, तेही शेवटी सांगते!

ऐका तर मग! माडवेळ नावाचं गाव. खाडी समुद्राला मिळते, तिथे वसलेलं. गावात होड्याच होड्या. आणि गावाचा एक रिवाज – दोराचा दिवस! पावसाळा तोंडावर आला, की एक दिवस ठरतो. देवळापुढे ढोल वाजतो. भरती आली, की एकेक होडी ओंडक्यांवरून वर ओढायची आणि माडाच्या विणलेल्या झापांनी झाकून टाकायची. मजुरी नाही, बोलावणं नाही. नियम एकच – घरटी एकाने तरी यायचं आणि प्रत्येक होडीच्या दोराला हात लावायचा. भांडण असलं तरी! कोर्टात दावा चालू असला तरी! 'तुझं तोंड बघणार नाही' म्हणणारा तोंड फिरवून उभा राहतो, पण दोर ओढतो!

दोर धरा रे, हात लावा रे,
एकाची नाव ती साऱ्यांनी ओढा रे!

म्हणा की! नुसत्या माना काय हलवता?

तर याच गावचा विश्राम मयेकर. पोरवयात मुंबईला गेला, फरशांच्या धंद्यात शिरला, विश्रामशेठ झाला. आणि एक दिवस परत आला – कशातून? एसटीतून नव्हे, गाडीतून नव्हे. समुद्रातून! पांढरीशुभ्र यॉट, नाव 'राजहंस'! सगळं गाव किनाऱ्यावर. नारळ फुटले, बायकांनी बोटीला कुंकू लावलं. विश्रामशेठ वर उभे, काळा चष्मा, हात हलवताहेत. मनात म्हणाले, 'विश्राम, मिळवलंस हो! आता आयुष्यभर आराम!'

आराम! मंडळी, नाव विश्राम, पण त्या दिवसापासून विश्रांती नाही!

आठच दिवसांत एसी बंद पडला. माणूस मुंबईहून आणायचा. त्याचं भाडं, त्याचं राहणं, त्याचं जेवण – आणि कोकणात येऊन त्याला मासे चालत नाहीत! तो गेला, तर पंप बिघडला. पंपाचा भाग परदेशातून यायचा. मग तळाला कालवं धरली, शिंपल्यांचे थरच्या थर. ती खरवडा, वर खास रंग लावा. घराच्या भिंतीचा नव्हे हं, तो वेगळाच, डब्याची किंमत ऐकूनच रंग उडावा! खारं पाणी बाई, खारं पाणी! लोखंड खातं, तारा खातं, गाद्यांना बुरशी आणतं. चालवली तर डिझेल पिते, उभी ठेवली तर गंजते! शेठ म्हणायचे, "बोट मी घेतली की बोटीने मला घेतलं?"

पण खर्चाचं एक वेळ सोसतं. जीव? जीव ठिकाणावर राहीना! जेवायला बसले, माडाची झावळी हलली – शेठ उठले! "वारा फिरला वाटतं!" दुर्बीण घेऊन गच्चीवर. घरात सत्यनारायण. गुरुजी म्हणाले, "यजमान, आचमन करा." बघतात तो पाटावर यजमान नाहीत! कुंदावहिनी – शेठांच्या पत्नी – म्हणाल्या, "गुरुजी, गच्चीकडे तोंड करून सांगा, तिथे आहेत!"

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "अहो, एक सांगा. तुम्ही राहता कुठे? घरात की बोटीवर?"

"असं काय विचारतेस?"

"कारण घरात असलात की डोळे बोटीवर, आणि बोटीवर असलात की फोनवर मेकॅनिक. मला सापडत नाही तुम्ही!"

शेठ हसले. पण ते हसू अर्धवटच राहिलं, कारण तेवढ्यात झावळी हलली!

आणि दोराचा दिवस? शेठ गेले का? छे! त्यांनी माणसाबरोबर पेढे पाठवले. "आमच्या वतीने गोड खा, आमची बोट काय ओढायची नाही, मग आमचं काय काम?" गावाने पेढे खाल्ले. मग, टाकतात की काय? पेढ्यांचा काय दोष! दुसऱ्या वर्षीही पेढेच. दौलत तांडेल – गावातला जुना नावाडी – तेवढं म्हणाला, "पेढ्याला बोटं नसतात रे!" आणि लागला दोर ओढायला.

तिसरं वर्ष उजाडलं. राजहंस पावसाळ्याआधी मोठ्या बंदरात न्यायची, क्रेनने उचलून कोरड्यावर ठेवायची – दरवर्षीचं ठरलेलं. विमेवाल्यांनीही बजावलं होतं, पावसाळ्यात पाण्यात राहिली तर आम्ही जबाबदार नाही! पण ऐन वैशाखात इंजिन बंद. परदेशातला तो भाग? 'येतोय, येतोय!' आणि भाग यायच्या आधी आला वादळाचा इशारा! पगारी कप्तान होता, रुबाबदार, पांढऱ्या टोपीवाला. त्याने इशारा वाचला आणि सकाळच्या एसटीने पसार! टोपी मात्र विसरला.

नेमका तोच दोराचा दिवस. वादळ यायच्या आत होड्या वर घ्यायच्या म्हणून ढोल पहाटेच वाजला. शेठ राजहंसवर उभे. समोर किनाऱ्यावर एकेक होडी सरकतेय – 'हैसा! हैसा!' शेठ मनात म्हणाले, दोन वर्षं गेलो नाही. आता कुठल्या तोंडाने हाक मारू?

मारली! हात तोंडाशी धरून ओरडले, "दौलत! अरे, माझीही ओढता का रे?"

मंडळी, तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा, देव बघतोय! 'आता आठवण झाली काय? खा आता पेढे!' असंच ना?

माडवेळच्या लोकांनी तसं केलं नाही. शेवटची होडी वर घेतली आणि सगळं गाव खाडीत उतरलं, गुडघ्याएवढ्या पाण्यात! बायका, पोरं, म्हातारे. बाकीचे दोर वर घेतलेल्या होड्यांना बांधलेले; गावचा सगळ्यात जाड दोर, एकच उरला होता, तो होडक्यातून नेऊन राजहंसला बांधला. कुंदावहिनी सगळ्यात पुढे, पदर खोचून!

दोर धरा रे, हात लावा रे! हैसा!

हलली?

नाही!

पुन्हा! हैसा! तळवे सोलले, दोराला रक्त लागलं. हलली? बोटभरसुद्धा नाही! पाण्याखाली केवढं पोट तिचं, ते वाळूत रुतलेलं. तिला क्रेन लागते हो, क्रेन! माणसांच्या हातांची नव्हेच ती! इथे मन लावून ऐका. गावाच्या मनात राग नव्हता, आळस नव्हता, मदत करायची होती. पण वस्तूच एवढी मोठी, की माणुसकी तिला पुरेना!

आभाळ काळं झालं. लाटा कमरेला लागल्या. दौलत ओरडला, "शेठ, ती न्हाय यायची! तुमी या!"

"मी नाही येत! पंप चालवतो, पाणी उपसतो! कुणीतरी थांबायला हवं!"

वहिनी ओरडल्या, "अहो, या की!"

"कुंदा, अगं जीव ओतलाय गं यात!"

"ओतलात, कबूल! पण उद्या पाटावर जेवायला कोण बसणार – ती की तुम्ही?"

वारा घोंघावतोय. पोहत यावं तर लाटांत टिकाव लागायचा नाही, आणि होडकं पुन्हा आत घालायची सोय उरली नव्हती. दौलतने शेवटचं सांगितलं, "शेठ, दोर एकच हाय! बोटीचा सोडा नि कमरेला बांधा!"

एकच दोर! बोटीला ठेवू, की स्वतःला बांधू? लाटा तिला वाळूतून उचलायला लागल्या होत्या; दोर सोडला की राजहंस मोकळी, सरळ खडकावर! तीन वर्षांची झोप, धंद्यातली निम्मी कमाई, काळा चष्मा, सगळ्या गावासमोरचा रुबाब – सगळं त्या एका गाठीत! हात गाठीपाशी जातो, मागे येतो. पुन्हा जातो. ओल्या दोराची गाठ ती, सुटता सुटेना! शेवटी दातांनी ओढली –

सुटली!

कमरेला वेढा घातला, डोळे मिटले आणि उडी! हैसा! एकदाच म्हणावं लागलं हो, एकदाच! सर्रकन किनाऱ्यावर! एवढा जोर लावला होता गावाने, की शेठ वाळूत येऊन थेट वहिनींच्या पायांशी! वहिनी रडत रडत म्हणाल्या, "इतकी वर्षं पाया मी पडते, आज तुमची पाळी!"

मंडळी, माणूस जड नसतोच. त्याने जे धरून ठेवलेलं असतं ना, ते जड असतं!

राजहंस? खडकावर आडवी झाली, पोट फाटलं. आणि ऐका, खर्च संपला नाही! ते मोडकं धूड तिथून हलवायचा खर्चही मालकाचाच. मेल्यावरही बिल! 

पुढच्या वर्षी दोराच्या दिवशी ढोल वाजला, तेव्हा सगळ्यात आधी कोण आलं होतं? पेढे नाहीत बरं – स्वतः! प्रत्येक होडीला हात लावला. फरशा विकणारे तळवे ते, दुपारपर्यंत फोडच फोड! मग सगळे पेज-सुकट खायला बसले. तेवढ्यात माडाची झावळी हलली. शेठ ताडकन उठले!

सगळं गाव बघतंय. शेठ उभे. समुद्राकडे पाहिलं... तिथे आपलं काहीच नाही. हसले, खाली बसले आणि म्हणाले, "वाढ गं कुंदा, अजून थोडी पेज."

बोला, जय जय रघुवीर समर्थ!

आता तुमच्याकडे वळते. अंग चोरू नका! या गावात येताना मी बंगले मोजत आले. तीन मजली, संगमरवरी जिने, अकरा महिने कुलूप! मालक मुंबईत फोनवर कॅमेऱ्यातून बघत बसलेत – कौलावर माकड बसलं की काय! झावळीच ती, फक्त मोबाइलवर हलते! आणि त्या बंगल्यात कधी शेजारीण वाटीभर साखर मागायला येते का? कशी येईल? फाटकच एवढं मोठं, की हाक आत पोचत नाही! आपल्या वस्तूचं माप एकच, मंडळी: वेळ आली तर शेजाऱ्यांच्या हातांनी ती ओढता येईल का?

आणि आता... बाबा, पेटी थांबवा जरा. आई, टाळ खाली ठेव.

मंडळी, बाबांचा सूर का चुकला ते सांगते. उद्या आमचे बाबा चिपळूणला जाणार आहेत. बस बुक करायला! 'कुमारी अन्विता सोवनी यांचा भव्य कीर्तनरथ'! आत एसी, आत झोपायला पलंग, मागे मोठा पडदा, स्वतःचा जनरेटर. माझ्यासाठीच चाललंय सगळं, मला कळतं. गेल्या वर्षी याच देवळात मी घाबरले होते, तेव्हा बाबांनी मागून सूर धरून ठेवला होता. म्हणून तर त्यांच्याच समोर बोलतेय.

बाबा, महिनाभर तुम्ही जेवताना उठून बसवाल्याला फोन करताय. बस अजून आली नाही, तरी झावळी हलायला लागली! आणि आई, बसमध्ये आपलीच गादी, आपलाच डबा असला, तर 'पोरी, आमच्याकडे जेवायला चल' असं कोण म्हणेल गं? बागवेकाकूंनी पेटी उचलली, कारण ती त्यांच्या डोक्यावर मावली!

म्हणून ठरवलंय मी. आई, बाबा, उद्या चिपळूणला जायचं नाही. बस नको. रागावायचं असेल तर रागवा, पण सुंठवडा खाल्ल्यावर! मी एसटीनेच कीर्तनाला जाणार, आणि पेटी गावाच्या हातांत देणार. ठरलं म्हणजे ठरलं! बाबा, आता द्या सूर – आणि चुकवू नका!