यंदा लवकर फुललं

— नाही नाही, ते भिंग आधी बाजूला ठेवा, ओनोदेराबाई. एवढं जवळून बघण्यासारखं त्यात काही नाही. लांबून बघा, इथून, विहिरीच्या कट्ट्यावर बसून. दगड ओला आहे, पण उत्तरेकडची भिंत म्हटल्यावर ओली असायचीच, म्हणून तर हे इथे रुजलं. हं, आता फूल बघा. खाली दोन लांब पांढऱ्या पाकळ्या, तंगड्या फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारख्या, आणि वर तीन बारक्या. झालं की नाही ‘मोठा’ हे अक्षर, 大? म्हणून तर दाइमोंजी म्हणायचं, मोठं अक्षर. तुमच्या कचेरीला पत्रात मी तेच कळवलं होतं — भिंतीवर रानटी दाइमोंजी आहे, तुमच्या जपायच्या यादीतलं, तेव्हा सिमेंट लावू नये. चार पानी पत्र. मास्तराचा फळा काढून घेतला की तो पत्रं लिहीत सुटतो.

काय म्हणता, जून? हो, जूनच आहे. दाइमोंजी फुलतं शरदात, ठाऊक आहे मला, पण — यंदा लवकर फुललं. हसू नका. म्हणजे हसा, आमची हीसुद्धा हसायची. सुमिए. एकेचाळीस वर्षं दर जूनला मी इथे उभा राहून म्हणायचो, यंदा लवकर फुललं, आणि ती तांदूळ धुताधुता म्हणायची, "हो का, गुरुजी? गेल्या वर्षीही लवकरच होतं." नवऱ्याला गुरुजी म्हणायची, तेही मान खाली घालून, म्हणजे हसू दिसायला नको. तिचं म्हणणं, ही साधी युकिनोशिता, बर्फाखालची. माहेरी मोरीमागे हवी तेवढी असते. वरच्या पाकळ्यांवरचे ठिपके बघा म्हणायची. मी म्हणायचो, धूळ आहे. धूळ — पावसात भिजलेल्या फुलावर. छत्तीस वर्षं पोरांना ओरडत आलो, अरे ‘मोठा’च्या खांद्याशी एक ठिपका पडला की त्याचा ‘कुत्रा’ होतो, ठिपके बघत जा — आणि स्वतःच्या विहिरीवर एका फुलावर डझनभर ठिपके, तरी हा शहाणा आपला ‘मोठा’च वाचतोय.

पान उलटताय? उलटा. मागून लाल, वरून केसाळ, पांढुरक्या शिरांची जाळी. आणि हे लाल दोरे, टोकाला पिल्लू धरून खाली उतरलेले — दाइमोंजीला असे दोरे नसतात, तेही ठाऊक आहे मला. पानं ती तळायची. पीठ फक्त मागच्या बाजूला लावायचं, वरचं हिरवं उघडं राहिलं पाहिजे. मी आठ-आठ खायचो आणि वर सांगायचो, दाइमोंजीची भजी झकास होतात. ती वाढत राहायची.

आता हे तुम्हाला सांगायचं काही कारण नाही. फेब्रुवारीत तिला भातही जाईना. एका दुपारी म्हणाली, विहिरीवरची दोन पानं तळून द्या. बाहेर कमरेएवढं बर्फ. कमरेएवढं म्हणजे आमच्याकडे काही फार नव्हे, फावडं दाराशीच होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "अगं, दाइमोंजी हिवाळ्यात वाळून जातं, नुसती मुळं उरतात. पानं कुठून आणू?" — कारण बर्फ उकरलं असतं आणि खाली पानं निघाली असती, तर मी एकेचाळीस वर्षं चुकलेलो ठरलो असतो. "बरोबर आहे, गुरुजी," म्हणाली. या वेळी हसली नाही, दमली होती. मार्चमध्ये गेली. एप्रिलमध्ये बर्फ उतरलं, आणि भिंतभर पानं, गोल, हिरवीगार, जशीच्या तशी. बर्फाखालची. नावातच लिहिलंय की हो. पहिलीतल्या पोरालाही वाचता आलं असतं.

पत्र त्यानंतरचं, मेमधलं. म्हणजे ती चूकही नव्हे, सरळसरळ खोटं. भिंत राहावी म्हणून — तिने हाताने लावलेली आहेत ती रोपं, माहेराहून एक दोरा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. रानटी कसलं डोंबल.

पेन थांबलं तुमचं. म्हातारा सांगेल ते लिहायला तयार दिसताय. चांगल्या आहात. दाइमोंजी लिहिलंत तर भिंत राहील, आणि मी बरोबर ठरेन, पुन्हा एकदा, ती नसताना. नको. युकिनोशिता लिहा. ठळक लिहा, खाली सही मी करतो. सोमवारी सिमेंटवाले आले तर येऊ देत, तोवर दोऱ्यांची पिल्लं कुंडीत उतरवीन, तेवढं येतं मला. एकदा तरी तिचं बरोबर होतं असं माझ्या सहीनिशी कागदावर येऊ दे.

झालं? मग निघा आता, खालची बस चुकेल. आणि जाताना दोन पानं तेवढी खुडून द्या, माझी कंबर वाकत नाही. — नाही, मला नकोत. तिच्या फोटोपुढे ठेवायची आहेत, तळून. दोनच. तिने दोनच मागितली होती. जा तुम्ही.